म्हाळोजीचं पागोटं

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या खापरपणज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता तो आंधळा होता, ही गोष्ट वेगळी.

फार वर्षांपूर्वी आमच्या आंबेदऱ्यात म्हाळोजी साळी नावाचा विणकर होता. एकुलती एक लेक, गिरजा. तिच्या लग्नात घालायला म्हाळोजीनं स्वतःच्या मागावर पागोटं विणलं, बांधलं, खुंटीला टांगलं, आणि तिथंच घोळ झाला. बुलबुलाच्या जोडीनं त्यात घरटं केलं.

बापलेक माग थांबवून बघत बसायचे. मादी काड्या आणायची, कोळिष्टकं आणायची, छातीनं दाबून दाबून वाटी गोल करायची. मग लालसर ठिपक्यांची तीन अंडी आली. त्यांतून तीन उघडी पोरं निघाली, निव्वळ चोच आणि भूक. आईबाप दारातून सुळकन आत यायचे, अळी भरवायचे, पुन्हा बाहेर. पिल्लांना धूर लागेल म्हणून गिरजा चूल अंगणात पेटवायची, असं म्हणतात.

लग्नाचा दिवस उजाडला, पिल्लं अजून आतच. तेव्हाची रीत अशी, की मुलीच्या बापानं मांडवात व्याह्याच्या पायावर पागोटं ठेवायचं. त्याशिवाय अंतरपाट धरत नसत. भावकी म्हणाली, घरटं उचलून वळचणीला खोच, त्यात काय एवढं. गिरजा एकदाच बोलली, "यांचं घर मोडून माझं मांडणार का, आबा?"

म्हाळोजीनं घरट्यासकट पागोटं डोक्यावर चढवलं आणि व्याह्याच्या गावची वाट धरली. नर पुढं, मादी मागं, आणि ऊन लागू नये म्हणून रानातले झाडून सगळे बुलबुल पंख पसरून वर, असं म्हणतात.

मांडवात व्याही दौलतशेट पाय लांब करून बसलेला. म्हाळोजी समोर ताठ.

"पागोटं ठेवा, व्याही."

"नाही ठेवता येणार, शेट."

"मग पोरगी परत न्या."

मुंडावळ्या बांधलेली गिरजा बापाकडं बघत होती. म्हाळोजीची मान हलली नाही. तेवढ्यात मादी अळी घेऊन आली आणि पागोट्यातून तीन चोची वर झाल्या.

शेटची म्हातारी आई म्हणाली, "दौलत, त्याच्या डोक्यावर लेकरं आहेत. तुझ्या डोक्यावर नुसता जरीचा फेटा. पाय आवर."

शेटनं पाय पोटाशी घेतले. अक्षता पडल्या, आणि त्या गलक्यात तिन्ही पिल्लं भुर्रकन उडाली, असं म्हणतात.

आजही आंबेदऱ्यात मुलीचा बाप पागोटं घरी खुंटीला टांगतो, म्हाळोजीचं नाव घेतो आणि बोडक्यानं मांडवात जातो. व्याह्याच्या पायावर ठेवायला जवळ काही नसतंच.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारणार, म्हाळोजी पागोटं घालून गेला, मग हे बोडके का? बरं, कबूल. डोक्यावरचं घरटं माझं. म्हातारीच्या तोंडचे शब्दही माझेच. घरटं खुंटीवरच होतं. लेकीच्या लग्नात, भरल्या मांडवात, म्हाळोजी बोडका उभा राहिला. पागोटं कुठाय, असं शेटनं दरडावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "घरी आहे. त्यात लेकरं निजलीत."