धोंडेमाळचं उघडं कढण

धोंडेमाळला कुणाच्याही घरी ज्वारी-हुलग्याचं कढण रटरटत असलं, की त्या भांड्यावर झाकण दिसणार नाही. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. अख्खा दाणा शिजायला आधीच अर्धा दिवस, त्यात भांडं उघडं. वाफ सारी वर जाते आणि सरपण दुप्पट लागतं. शहरातून येणारी सुगरण हटकून झाकणी शोधू लागते आणि घरची बाई हळूच तिचा हात धरते. भात, आमटी, दूध, सगळं झाकून चालतं. ज्वारीचं कढण मात्र उघडंच. वर आणखी एक नेम आहे. दारावरून जाणारा कुणीही आत डोकावून "काय शिजतंय?" असं विचारू शकतो, पण विचारलं की त्याला वाटी घेऊन बसावंच लागतं. घाई आहे, पोट भरलंय, असली सबब चालत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या पायथ्याशी एक खड्डा आहे. कडेने दगड रचलेत, आत घाणेरी माजली आहे. ते जुनं पेव. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार: तोंड माणूस उतरेल एवढं आणि पोट खोलीएवढं. झाकणाची सगळी गोष्ट तिथून सुरू झाली असे सांगतात.

किती वर्षांपूर्वीची, ते कुणी सांगू शकत नाही. दुष्काळ मात्र मोठा होता. ओळीने दोन सालं पाऊस फिरकला नाही. घरात बियाणं राहिलं तर पोरं रडतात आणि आई ते शिजवते, हे पंचांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक घरातली बियाण्याची ज्वारी गोळा करून एकाच पेवात घातली. तोंडावर शिळा ठेवली, ती शेणामातीने लिंपली आणि राखणीला निंबाजी नावाच्या माणसाला बसवलं. लिंपणावर निंबाजीच्या उजव्या पंजाचा ठसा होता. दुसऱ्याने फोडून पुन्हा लिंपलं तर ठसा जुळणार नाही, अशी ती तजवीज होती.

तिसऱ्या साली भादव्यात दोन सरी पडल्या. पाटलाने पेव उघडायला लावलं. ठसा होता तसा होता, शिळा हललेली नव्हती, आणि आत धान्य तीन हात खाली गेलेलं.

लोकांच्या नजरा निंबाजीकडे वळल्या. दुसरीकडे वळणार तरी कुठे? पंजा त्याचा, राखण त्याची. पाटलाने एवढंच सांगितलं, की जमिनीला पेरणीजोगा वाफसा येईपर्यंत चोर दाखव, नाहीतर बायकोपोरं घेऊन वेस ओलांड. दुष्काळात वेस ओलांडणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. आधी गेलेल्यांपैकी एकही परत आला नव्हता.

निंबाजीच्या बायकोचं नाव सगुणा. ही गोष्ट खरं तर तिचीच. बाई कामाची, बोलण्यात फटकळ आणि मनाने संशयी. नवऱ्याने चोरी केली नाही असं ती साऱ्या गावाला ठणकावून सांगत होती. पण तो झोपला की त्याच्या धोतराचा सोगा झटकून बघायची, एखादा दाणा पडतो का म्हणून. पहाटे त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. त्याला कळत होतं म्हणे, पण तो डोळे मिटून पडून राहायचा. बायकोचा विश्वास नाही म्हटल्यावर माणूस करणार काय?

घरात काही सापडेना, तेव्हा ती गावाकडे बघू लागली. ती धुरावर लक्ष ठेवायची. त्या दिवसांत घराघरांत तरोट्याचा पाला शिजायचा. पाल्याला वेळ किती, चार काटक्या जळेपर्यंत. धूर निघायचा आणि विरायचा. एका घराचा धूर मात्र थांबत नव्हता. सकाळी निघायचा तो ऊन डोक्यावर येईपर्यंत चालायचा. ते घर चिमाचं.

चिमाचा नवरा बैलं घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला होता, तो गेलाच. मागे थकलेली सासू आणि दोन वर्षांची लेक. चिमा कुणाच्या अध्यातमध्यात नसायची, आणि सगुणाला तर अशा माणसांचाच आधी संशय यायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढा वेळ चुलीला लागतो कशाला? असा वेळ फक्त अख्खा दाणा मागतो. रात्रभर भिजवायचा, उखळात पाण्याचा हबका मारून हलक्या हाताने सडायचा, कोंडा पाखडायचा, आणि मग मंद विस्तवावर दाणा फुटेपर्यंत बसून राहायचं. मध्ये गार पाणी पडलं तर दाणा आकसतो आणि मग दिवसभर शिजवला तरी मऊ होत नाही, म्हणून शेजारी आधणाचं पाणी लागतं. हे सगुणाने जन्मभर केलं होतं. चिमाच्या घरातून सकाळी उखळाचा दबका आवाज यायचा, तोही तिने ओळखला.

एके दिवशी ती खापरी घेऊन विस्तव मागायला गेली. विस्तव मागायला आलेल्या बाईला चुलीपर्यंत येऊ द्यायचं, ही रीतच होती. चिमाने तिला उंबऱ्यावरच थांबवलं, विस्तव बाहेर आणून दिला. आत चुलीवर मडकं होतं, वर परळ, म्हणजे मातीची पसरट थाळी, पालथा आणि त्यावर दगड. वास मात्र दगडाखाली राहतो थोडाच? दाण्याच्या पेजेचा तो वास महिनाभर पाल्यावर काढलेल्या सगुणाने लगेच ओळखला.

"काय शिजतंय गं?"

"पाला," चिमा म्हणाली आणि तिने नजर चुकवली.

सगुणाला आणखी काय हवं होतं? पण तिला फक्त चोर सापडल्याचा आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. तिला आधी हायसं वाटलं, नवरा सुटला म्हणून. मग राग आला, की आमची पोरं पाला चघळतात आणि ही बाई आमचंच बियाणं झाकून खाते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती पाटलाला, पंचांना आणि निम्म्या गावाला घेऊन चिमाच्या दारात उभी राहिली. चिमा आडवी आली, पण तिला कोण जुमानणार? सगुणाने दगड बाजूला केला आणि परळ उचलला. वाफ ओसरली तशी आत दाटसर कढण दिसलं आणि त्यात फुटलेले पांढरे दाणे. पाटलाने पळी फिरवली. दाणे बारके होते, पण दुष्काळातला दाणा बारकाच असतो, असं कुणीतरी म्हणालं. दोन-चार दाणे तर सरळसरळ ज्वारीचे निघाले. झालं, तेवढं पुरे होतं.

पाटलाने विचारलं, धान्य आणलंस कुठून? चिमा गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. तिच्या सासूने तोंड उघडलं तर चिमाने तिचा हात दाबला. गावाने ठरवून टाकलं, की आत्ताच्या आत्ता वेस ओलांडायची.

चिमाने लेकीला कडेवर घेतलं. मग ती चुलीशी वाकली, वाटीत कढण ओतलं आणि सगुणासमोर धरलं.

"तू बघितलंस न्हवं? आता खा. खाऊन सांग पेवातलं हाय म्हणून. मी आपली निघते."

सगुणाने वाटी तोंडाला लावली. पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला. दुसऱ्याला माती करकरली. दाणे जिभेवर कडवट, निसटते, ज्वारीपेक्षा कितीतरी बारीक. ते गवताचं बी होतं. पेवातल्या ज्वारीत एक खडा निघाला नसता, कारण तिनेच इतर बायांबरोबर बसून ती दोनदा निवडली होती. मातीत मिसळलेलं असं बी मुंग्याच साठवतात. तिला त्या क्षणी सगळं कळलं. चिमाने माळावरचं मुंग्यांचं वारूळ खणलं होतं. आणि ती गप्प का होती, हेही कळलं. नागाचं ठिकाण म्हणून गावातल्या बाया ज्या वारुळाला दूध वाहतात, ते फोडलं असं सांगितलं असतं तर गावाने तिला वेशीपर्यंतसुद्धा जिवंत जाऊ दिलं नसतं.

सगळे सगुणाच्या तोंडाकडे बघत होते. निंबाजीही बघत होता. खरं बोलावं तर उद्या आपली पोरं वेशीबाहेर. तिने घास गिळला.

"पेवातलंच हाय," ती म्हणाली.

सासूचा हात धरून चिमा भादव्याच्या उन्हात निघून गेली.

आता इथे गावात दोन तट आहेत. काही म्हणतात, सगुणाने पुढचे तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तीन दिवस हे आख्यायिकेत शोभून दिसतं, पण म्हाताऱ्या बायका वेगळं सांगतात आणि ते जास्त खरं वाटतं. त्या म्हणतात, ती घरी गेली, दातांत अडकलेला खडा काडीने टोकरत बसली, तो निघेना आणि तिला बसवेना. ऊन कलायच्या आत ती उठून चिमाच्या रिकाम्या घरी गेली. कोपऱ्यात सूप होतं, त्यात माळाची तांबूस माती, गवताची फोलं, मेलेल्या मुंग्या. तिथून ती माळावर गेली. वारूळ एका अंगाने उकरलेलं होतं, तेही जपून, पुन्हा माती लोटून. मुंग्यांची रांग मात्र चालूच होती आणि प्रत्येक मुंगीच्या तोंडात दाणा. काहींच्या तोंडात गवताचा, काहींच्या ज्वारीचा. सगुणा ज्वारीवाल्या मुंग्यांच्या उलट दिशेने चालत गेली. रांग माळ उतरून पेवाच्या मागच्या बाजूला आली आणि मुरमातल्या बोटभर चिरेतून आत शिरली. शिळेवरचा पंजा कुणी मोडलाच नव्हता.

मुंग्यांनी तीन हात धान्य नेलं, हे पाहुण्यांना पटत नाही. पटू नये. चिरेतून पाणी झिरपून काही धान्य कुजलं असेल, दबून बसलं असेल, पंचांपैकी कुणी हातही मारला असेल. शंका घेणाऱ्याने खुशाल घ्यावी, या गावाचा तो जुना स्वभाव आहे.

नवरा आता निर्दोष होता. नुसत्या मुंग्या दाखवल्या असत्या तरी तो सुटला असता आणि आपण खोटं बोललो हे सगुणाला पोटात ठेवता आलं असतं. तिने तसं केलं नाही. चावडीवर जाऊन तिने मुंग्यांचं सांगितलं आणि घासाचंही सांगितलं. खडा लागला होता, मला कळलं होतं, तरी मी खोटं बोलले, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. निंबाजीने मान खाली घातली.

माणसं चिमाच्या मागे धावली. ती ओढ्यापलीकडे बोरीच्या सावलीला बसलेली सापडली. लेक मांडीवर होती. सासूचं डोकंही मांडीवरच होतं, पण ती गेलेली होती. उन्हाने गेली की उपासाने, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीची माती आटोपल्यावर गावाने नागाची क्षमा मागून वारूळ उघडलं. पेवातलं उरलेलं आणि वारुळातलं मिळून पेरणी झाली. चिमा गावात राहिली, कारण लेकीला घेऊन जाणार कुठे? सगुणा तिच्या पायांवर पडली. चिमाने तिला उठवलं नाही आणि लाथाडलंही नाही. म्हणाली, "आजपास्नं मी मडकं झाकणार न्हाई. ज्याला बघायचं त्यानं बघावं. पर बघंल त्यानं खावं, आन् खाऊन खरं सांगावं." तो परळ तिने चुलीपुढे आपटून फोडला. सगुणाने घरी जाऊन आपल्याकडचा फोडला. मग शेजारणीने, मग तिच्या शेजारणीने. चिमाने सगुणाला माफ केलं का, हे गोष्टीत कुठेच येत नाही. दोघी शेजारी शेजारी म्हाताऱ्या झाल्या, एवढंच सांगतात.

आजही ज्वारीच्या पेरणीच्या आदल्या दिवशी पेवाजवळ मोठ्या हंड्यात अख्ख्या ज्वारीचं आणि हुलग्याचं कढण शिजतं. पहिली पळी मुंग्यांसाठी जमिनीवर ओततात. दुसरी वाटी निंबाजीच्या घराण्यातल्या सर्वांत नव्या सुनेची. ज्वारी हल्ली गिरणीतून स्वच्छ होऊन येते, म्हणून त्या एका वाटीत माळावरची चिमूटभर माती मुद्दाम टाकतात. गेल्या साली साताऱ्याकडची, शाळेत शिकवणारी सून होती. कुणा जुन्या बाईच्या चुकीचं मी का बोलायचं, असं तिने आदल्या दिवशी सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, मीही विचारलं होतं. सून उभी राहिली, तिने घास घेतला, चावता चावता थांबली. सगळं गाव वाटी हातात धरून तिच्याकडे बघत होतं.

"खडा लागला होता," ती म्हणाली. "मला कळलं होतं. तरी मी खोटं बोलले."

मग लोक जेवायला बसले.