मातीला टेकेल ते

थंड घाटमाथ्यावरच्या एका वाडीत इनामदारांचा रिवाज होता : झाडाला असेल ते फळ कुळाचं, मातीला टेकेल ते इनामदारांचं. ठकूबाईने त्यांच्या तुकड्यावर गूजबेरी लावली. पण हे पिवळं, आंबटगोड फळ पिकलं की कागदासारख्या टरफलासकट आपोआप गळतं आणि हिरवं तोडलं तर तोंडात धरवत नाही. बघता बघता सगळं पीक जमिनीवर आलं. पोरांची वर्षाची भाकरी त्यातच होती.

इनामदार पंचांना घेऊन बांधावर आले. "काय ठकूबाई, तुझ्या झाडांनाही आमचा रिवाज कळतो बघ," ते मिशीत हसले.

ठकूबाईने पदर सावरला, एक गूजबेरी उचलली. "सरकार, मातीला टेकलं ते तुमचं ना?"

"अलबत. पंचांसमोर सांगतो."

तिने टरफल सोललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "मग हे घ्या. टेकलं ते हे. फळ आत बसून होतं. त्याला मातीचा कण दिसला, तर तेही न्या."

पंचांनी फळ उलटसुलट निरखलं, आणि हळूच ठकूबाईच्या ओच्यात टाकलं.

संध्याकाळी इनामदारांच्या घरी शिगोशीग भरलेल्या टोपल्या पोचल्या. नेणारे गडी म्हणत होते, इतकं हलकं पीक आम्ही कधी वाहिलं नाही.