धानाईच्या टेकडीवरचे तेलकट हात

धानाईच्या टेकडीवर देवीच्या गाई मोकळ्या फिरतात, हे येताना बघितलंच असेल तुम्ही. आणि पारावर बसून तेलकट हातांनी त्यांचे कान चाचपणाऱ्या या बायाही. इतर ठिकाणी देवाच्या जनावराला कुणी हात लावत नाही, इथं लावल्याशिवाय नवस पुरा होत नाही. का ते सांगतो. घाई असेल त्यानं खाली जाऊन चहा घ्यावा.

असं सांगतात, की खालच्या वाडीत ठकू नावाची बाई होती. बरीच वर्षं तिची कूस उजवली नाही. शेवटी मूल झालं तर हौशी गाय तुझ्या नावानं सोडीन, असं ती देवीला बोलली. हौशीवर तिचा फार जीव. मुलगा झाला आणि ठकूनं डोळे पुसत हौशीला इथं आणून सोडलं. त्या काळी रीत कडक होती. सोडलेल्या गाईला माणसाचा हात लागला, तर देवी दिलेलं परत नेते म्हणे.

पुढं हौशीला गोचीड लागले. लोक काही दगडाचे नव्हते. काठीला चिंधी बांधून लांबूनच करंजाचं तेल लावायचे, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचे. नवे गोचीड चढायचे कमी झाले, नाही असं नाही. पण कानात, कासेत आधीच रुतून बसले होते त्यांना तेलाचं काय सोयरसुतक? शिवाय एक सर आली की तेल धुऊन जायचं. हौशी वाळत गेली आणि एक दिवस बसली ती उठेचना.

ठकू पोराला कडेवर घेऊन आली. गुरव नको म्हणाला, सासूनं तर पदर धरला. ठकूलाही भीती होतीच, एकुलतं एक पोर ते. पण हौशीनं तिच्याकडे मान वळवली, आणि तिला राहवेना. देवळाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "राग धरायचा तर माझ्यावर धर, बाई. पोराच्या वाटेला जाऊ नकोस."

मग पोराला मांडीवर घेतलं, हाताला तेल चोळलं आणि एकेक गोचीड उपटून निखाऱ्यात टाकत बसली. काम संपल्यावरही सकाळपर्यंत तिनं डोळ्याला डोळा लावला नाही. सारखा पोराच्या छातीवर हात ठेवून बघायची. उजाडलं तेव्हा पोर भुकेनं रडायला लागलं. ते ऐकून हौशीनं मान लांब केली आणि त्याचं टाळकं चाटलं. तेव्हा कुठं ठकू धाय मोकलून रडली, म्हणे.

तेल आम्ही आजही लावतो. गोचीड वेचून झाल्यावर लावलं तर बरंच टिकतं, पण पुन्हा पुन्हा लावावं लागतं. आणि तेव्हापासून कुणी गाय सोडायला आलं, की गुरव आधी विचारतो, "गाय देवीची झाली. तिला बघणार कोण?" ज्याला नाव सांगता येत नाही, त्याची गाय देवी घेत नाही.