महाराजांचे लाडू आणि हौसाची दवंडी

राजवाड्यापुढच्या मांडवात बुंदीच्या लाडवांचे ढीग लागले होते, आणि खायला एक माणूस येईना!

राजा धुमाळसिंगाचा वाढदिवस होता. सकाळपासून दवंडी पिटून दवंडीवाल्याचा घसा बसला. "ऐका हो ऐका! राजवाड्यात या, पोटभर लाडू खा!" ते ऐकून अख्ख्या चिंचनगरीनं घराची दारं लावून घेतली.

"झालंय काय लोकांना?" राजा गरजला.

प्रधान गंभीरपंत चाचरले. "महाराज, मागे आपण फुकट मेव्याची दवंडी दिली, आणि जे आले त्यांना खंदक खणायला लावलं. तेव्हापासून लोक दवंडीच्या उलट वागतात. 'तळ्याचं पाणी गोड' म्हटलं, की घागरी घेऊन विहिरीवर पळतात!"

"मग दवंडीवाला बदला!"

ही बातमी कळताच कासाराची हौसा धावत आली. तिचा आवाज असा, की एका वेशीवर तिनं "बांगड्याऽऽ" म्हटलं की दुसऱ्या वेशीवरच्या बायका हात पुढे करत. दवंडीवाली व्हायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड. पण मुजरा करून तिनं राजालाच विचारलं, "महाराज, आपल्या दवंडीत खोटं किती असतं?"

दरबार गारठला.

"नोकरी मागायला आलीस, की माझी झडती घ्यायला?"

"सोयरीक जुळवताना घराणं बघतात, महाराज. माझा आवाज जन्मभर इथे नांदणार. चौकशी नको?"

"अस्सं! मग परीक्षाच दे. दवंडी एकच द्यायची. शिपाई मिळणार नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळं गाव मांडवात दिसलं, तर नोकरी तुझी. नाही दिसलं, तर जन्मभर माझ्या ज्वारीवरची पाखरं हाकलायची!"

"खोटं बोलणार नाही हं मी!"

"नको बोलूस! खरं सांगितलंस तरी ऐकतंय कोण!" राजा खदखदला.

"मग एक अभय द्या. दवंडी संपेपर्यंत मला कोणी अडवायचं नाही."

"दिलं!"

हौसानं हलगी गळ्यात अडकवली आणि ती चौकात उभी राहिली. राजा गच्चीत येऊन बसला.

"ऐका हो ऐकाऽऽ! महाराजांनी शिकारीत वाघ मारला, ही दवंडी खोटी होती! तो वाघ नव्हता, रेडकू होतं! आणि त्याला बघून महाराज झाडावर चढले!"

एक खिडकी किलकिली झाली. "कसल्या झाडावर गं?"

"बाभळीच्या!"

धडाधड दारं उघडली.

"काटे काढता काढता वैद्यबुवा थकले! मेव्याची दवंडीही खोटीच होती! पण आज मांडवात लाडू आहेत, हे खरं! चला!"

"अगं बाई," एक म्हातारी म्हणाली, "राजाची हलगी राजाचीच फजिती सांगतेय! म्हणजे लाडूही खरेच असणार!"

झालं! गाव हसत हसत मांडवात घुसलं.

राजा लालबुंद होऊन खाली आला. "रेडकाचं तुला कोणी सांगितलं?"

"वैद्यबुवांच्या बायकोनं. बांगड्या भरताना हात आमच्या हातात अडकलेला असतो, महाराज. तोंड मोकळं असतं!"

इतक्यात मांडवातून आरोळी उठली, "धुमाळसिंग महाराज की जय!" आणि ती कोणी शिकवलेली नव्हती. राजाचा राग अर्ध्यावरच थांबला.

"नोकरी तुझी," तो पुटपुटला. "पण उद्या मी चुकलो तर?"

"तर गावाला कळेल."

"आणि चांगलं वागलो तर?"

"तरीही कळेल. आणि आजवर झालं नाही ते होईल, महाराज. लोकांना ते खरं वाटेल!"

राजा पोट धरून इतका हसला, की गंभीरपंतांना त्याला खांबाला टेकवून उभं करावं लागलं. मग त्यानं स्वतःच्या गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या गळ्यात घातला, आणि सगळ्या दवंडीखान्याची मुखत्यारी तिथल्या तिथे तिच्या हवाली केली!