दामा नाखवाने बदललेला शब्द

किनाऱ्यापासून दीड तास वल्हवलं की एक लहानसं बेट लागायचं. उंडीची झाडं, काळे खडक आणि कोळ्यांची चाळीस घरं, एवढाच त्याचा पसारा. त्या बेटाचा मुखिया होता दामा नाखवा. माणूस मायाळू. कुणाची होडी गळू लागली की हा डागडुजीला हजर. कुणाच्या घरी चूल पेटली नाही असं कळलं की याच्या घरचं कालवण तिकडे पोहोचायचं. पण एक गोष्ट काही केल्या त्याच्या हातात राहत नव्हती. दरवर्षी बेटावरची दोन-तीन घरं बंद होत. माणसं भांडीकुंडी होडीत घालून पलीकडे राहायला जात, ती परत येत नसत. मागे राहिलेल्या घरांची दारं वाऱ्याने आपटू नयेत म्हणून दामा ती काथ्याने बांधून ठेवायचा.

त्याचं स्वतःचंही एक दुःख होतं. बेटाला धक्का नव्हता. होड्या खडकांमधून वाट काढत वाळूला लावाव्या लागत. पाच वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा महादू मासळी घेऊन परतत होता. लाटेने त्याची होडी खडकावर आपटली. दामा तेव्हा समोर वाळूवरच उभा होता. तेव्हापासून रोज सकाळी तो त्या खडकाकडे बघे आणि मनाशी म्हणे, इथे धक्का असता तर माझा महादू आज घरी असता.

एका माघात राजाचे कारभारी केसोपंत बेटावर आले. राजा एकेका गावाला आळीपाळीने काहीतरी बांधून देत होता आणि यंदा पाळी बेटाची होती. वीस गवंडी पाऊस सुरू होईपर्यंत बेटावर राहतील आणि गाव सांगेल ते एकच काम करून देतील, असं पंतांनी सांगितलं. पुन्हा पाळी यायला दहा वर्षं तरी लागतील, तेव्हा नीट विचार करा, असंही ते म्हणाले.

लगेच त्याच सकाळी उंडीखाली सभा भरली. पुजाऱ्याला देवळाचं छप्पर हवं होतं. दुकानदाराला सुकी मासळी ठेवायला कोठार हवं होतं. होडीवाले धक्का म्हणाले. दामाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण त्याचं मन केव्हाच ठरलं होतं. तोही धक्का म्हणाला. महादूचं नाव कुणी काढलं नाही, पण प्रत्येकाला तो आठवला. मग कुणीच विरोध केला नाही. दामाने गावाच्या वतीने शब्द दिला आणि गवंड्यांनी खडकापाशी दोरी धरून मापं घेतली.

दुसऱ्या दिवशी पोशीबाई बेट सोडून निघाली. पोशीबाई म्हणजे दामाच्या शेजारची म्हातारी. बरोबर तिचा मुलगा होता आणि चार महिन्यांची पोटुशी सून चांगुणा होती. दामाला फार वाईट वाटलं. त्याने स्वतःची होडी काढली आणि त्यांना पलीकडे सोडायला निघाला. वाटेत तो त्यांना धक्क्याबद्दल सांगत होता. पुढच्या वर्षी धक्का झाला की तुम्ही परत या, असं त्याने दोनदा सांगितलं. पोशीबाई समुद्राकडे बघत बसली. मुलाने नुसती मान हलवली.

किनाऱ्याला होडी लागली, सामान उतरलं, आणि चांगुणाला रडू आवरेना. बेट सोडायचं तिच्या मनात नव्हतं, हे दामाला तेव्हा कळलं. मग का जातेस, असं त्याने तिला हळूच विचारलं. दामा म्हणजे सासऱ्याच्या जागी मानायचा माणूस, म्हणून तिने पदर सावरला आणि खाली बघूनच सांगितलं. मागच्या आषाढात तिचं पहिलं बाळ गेलं होतं. ते जन्मताना अडलं, आणि बेटावरची सुईण त्याआधीच वारली होती. समुद्र खवळलेला, पलीकडून कुणाला आणणार? हे बाळही आषाढातच यायचं होतं.

"नाखवा, धक्का झाला तरी आषाढात होडी सुटेल का?" तिने विचारलं.

दामाने उभा जन्म समुद्रात काढला होता. त्याला उत्तर ठाऊक होतं. आषाढात कुणी होडी सोडत नाही.

तो पोशीबाईकडे वळून म्हणाला, "हे सभेत का नाही सांगितलंत?"

"सभा भरली तेव्हा ओहोटी होती," पोशीबाई म्हणाली. "आम्ही बाया खडकांवरचे शिंपले फोडून कालवं काढत होतो."

दामा होडीच्या काठावर बसला. ओहोटीच्या वेळी बेटावरची एकही बाई घरी नसते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. सभा बोलावताना मात्र ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो त्या दिवशी परतला नाही. बेट सोडून आलेली माणसं खाडीकाठी झोपड्या बांधून राहत होती. दोन दिवस दामा त्यांच्या दारोदार फिरला आणि एकच विचारत राहिला, तुम्ही का गेलात? एकाने सांगितलं, धक्का नव्हता म्हणून. बाकीच्यांच्या गोष्टी वेगळ्याच होत्या. कुणाचं पोर पावसात तापाने फणफणलं होतं. कुणाच्या आईला विंचू चावला आणि औषध मिळालं नव्हतं. एका बाईने तर दर पावसाळ्यात तिथे छातीत धडधडायचं, एवढंच सांगितलं. दामा ऐकत गेला. या साऱ्यांना त्याने स्वतःच निरोप दिला होता, पण हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो येसूबाईकडे गेला. सुईणपणात आणि झाडपाल्याच्या औषधात तिचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. बेटावर राहायला याल का, असं त्याने विचारलं. येसूबाईने लगेच हो म्हटलं नाही. बाळंतिणीसाठी ओल न येणारं दगडी घर हवं, ती म्हणाली. बेटावरच्या विहिरीचं पाणी चैत्रात मचूळ होतं, म्हणून पावसाचं गोडं पाणी साठवायला घराजवळ टाकं हवं. आणि तिच्या हाताखाली शिकायला बेटावरच्याच दोन मुली हव्यात.

"मी किती वर्षं पुरणार? माझ्यामागे तुमचं बेट पुन्हा रिकामं व्हायला नको," ती म्हणाली.

दामा बेटावर परतला तेव्हा खडकापाशी दगडांची पहिली रांग बसली होती. बरोबर त्याच जागी, जिथे महादूची होडी फुटली होती. गवंड्यांनी मोठ्या आनंदाने त्याला ती दाखवायला नेलं. दामाने त्या दगडांवरून हात फिरवला. पाच वर्षं त्याने याच दगडांची वाट पाहिली होती. 

मग त्याने भरतीची वेळ पाहून सभा बोलावली. या वेळी बायाही आल्या. दामाने पलीकडे ऐकलेलं सगळं सांगितलं, येसूबाईचं बोलणंही सांगितलं. होडीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. धक्क्याला नाही म्हणायला तूच कसा निघालास, असं एकाने विचारलंच.

दामा म्हणाला, "धक्का आपल्याला हवाच आहे. पण मी तो मागितला माझ्या महादूसाठी. महादूला आता त्याचा उपयोग नाही. चांगुणाच्या बाळाला घराचा आहे."

होडीवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. मग मागून एका म्हातारीने डोळे पुसत विचारलं, घर कुठे बांधायचं. तिथून बोलणं घराच्या जागेवर गेलं.

केसोपंत मात्र रागावले. गावाने दिलेला शब्द त्यांनी राजाला कळवला होता. तो आता फिरवायचा, तर मुखियाने स्वतः दरबारात उभं राहून आपण चुकलो असं सांगावं लागेल, असं त्यांनी बजावलं. दामाने धुतलेलं धोतर नेसलं आणि तो गेला. भरल्या दरबारात त्याने हात जोडून आपली चूक सांगितली. काही मानकरी गालात हसले.

राजा हसला नाही. "एवढी माणसं बघत असताना हे सांगताना लाज नाही वाटली?" त्याने विचारलं.

"वाटली, महाराज," दामा म्हणाला. "पण आणखी एखादं घर रिकामं झालं असतं, तर जास्त वाटली असती."

राजाने त्याच बैठकीत हुकूम बदलला आणि टाक्यासकट घर हेच बेटाचं एक काम ठरलं.

वैशाख सरता सरता घर उभं राहिलं, टाकंही झालं. ज्येष्ठाच्या पहिल्या दिवसांत, समुद्र अजून शांत होता तोवर, येसूबाई आपली औषधांची पेटी घेऊन आली. त्याच होडीतून पोशीबाई, तिचा मुलगा आणि चांगुणाही परत आली. बेटावरच्या दोन मुली येसूबाईच्या हाताखाली शिकायला लागल्या.

आषाढात एका दुपारी चांगुणाला कळा सुरू झाल्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि लाटा माडाएवढ्या उठत होत्या. बाळ या वेळीही अडलं. घराच्या ओसरीवर दामा ओल्या लाकडांशी झटत पाणी तापवत बसला होता.  कितीतरी वेळ आतून फक्त येसूबाईचा शांत आवाज येत होता. मग बाळाचं रडणं ऐकू आलं. पोशीबाई बाहेर आली, तिने नात दामाच्या हातात दिली आणि ती तिथेच बसून रडू लागली. दामाने त्या इवल्या जिवाला छातीशी धरलं. महादूनंतर पाच वर्षांत तो माणसांसमोर पहिल्यांदाच रडला.

त्या वर्षी बेटावरचं एकही घर बंद झालं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, आणि पलीकडून एक होडी आली. तिच्यात भांडीकुंडी होती, अंथरुणं होती, एक बकरी होती. आठ वर्षांपूर्वी गेलेलं एक कुटुंब परत येत होतं. त्यांची आजी फार थकली होती. तिला होडीतून उतरता येईना. धक्का अजून नव्हताच. दामा नाखवा कंबरभर पाण्यात शिरला, होडीला पाठ लावून उभा राहिला, आणि आजीला पाठुंगळी घेऊन सावकाश वाळूवर आला.

तात्पर्य: गावाचं भलं करताना आधी काय करायचं, हे आपल्या मनातल्या दुःखाला विचारू नये, ज्यांचं बोलणं आजवर कानी आलेलं नाही त्यांना जाऊन विचारावं, आणि आपली चूक कळली तर वेळीच कबूल करावी.