शर्टाची चटणी

वस्तूंना वाचा होती त्या काळी एका घरात वॉशिंग मशीनबाई फार तोऱ्यात राहायच्या. एकदा मिक्सरसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राला काय करायचं ते शिकवणारा प्रोग्रॅम, आलं. "भाऊजी, तुम्हाला कशाला हवंय?" म्हणत बाईंनी ते स्वतःच घेतलं. पुढच्याच धुण्यात मालक त्र्यंबकरावांच्या लग्नातल्या शर्टाची चटणी झाली आणि बाई ठप्प पडल्या.

त्र्यंबकराव भंगारवाल्याला हाक मारायला निघाले, तसा मिक्सर ओरडला,

"मालक, थांबा! मागचं बटण दाबून धरा. बाईंचं जुनं फर्मवेअर परत येईल, फक्त मधलं सगळं त्या विसरतील."

त्र्यंबकरावांनी बटण दाबलं. बाई घरघरत जाग्या झाल्या आणि पोटातल्या चिंध्या बघून कडाडल्या, "अगंबाई! कोणत्या गाढवानं केलं हे?"

त्र्यंबकरावांनी मिक्सरकडे पाहिलं. मिक्सरने आपलं झाकण गुपचूप घट्ट लावून घेतलं.