सातधस

धस म्हणजे डोंगराची ढासळलेली कड. जमीन आतून भिजून सैल होते, आपल्याच भाराने खाली येते. मागे जो तुटका उतार उरतो, तो धस.

फार पूर्वी एका डोंगरावर अशीच एक जागा होती. ती सात वेळा खाली आल्याचे पिढ्यांनी पाहिले होते, म्हणून तिला सातधस म्हणत. गावच्या जागांची अशी नावे कुठेही लिहिलेली नव्हती. दर वर्षी सुगी आटोपली की गावातला सर्वांत म्हातारा माणूस शीव फिरे, प्रत्येक जागेचे नाव मोठ्याने घेई आणि मागून चालणारी मुले ते परत म्हणत.

एके वर्षी राजाचा मोजणीदार नकाशा काढायला आला. गाव तेव्हा दाटीने भरले होते, आणि सातधसावर सपाट जमीन होती, झरा होता. म्हाताऱ्याची नात सगुणा हिचा होणारा नवरा तिथेच घर बांधणार होता.

"असल्या नावाच्या जागी सून कशी आणू?" व्याही म्हणाला. "मोजणीदाराला काहीतरी बरे नाव सांगा, बाबा. नाहीतर आम्ही दुसरे स्थळ पाहतो."

"नाव मी ठेवलेले नाही."

"मग बदलायला तुमचे काय जाते?"

मोजणीदाराने लेखणी उचलली. "बाबा, तुमच्या तोंडून येईल तेच लिहीन."

म्हाताऱ्याने पाहिले. सगुणा झऱ्यापाशी चुलीचे तीन दगड मांडून बघत होती.

"फुलमाळ," तो म्हणाला. कागदावर काही असो, शीव फिरताना आपण खरे नाव घेऊच, असे त्याने मनाशी ठरवले. पण सुगीनंतर तो तिथे पोचला, तेव्हा व्याही शेजारीच चालत होता. म्हातारा पुन्हा "फुलमाळ" म्हणाला. मुलांनी ते परत म्हटले.

चार वर्षांत तिथे वीस घरे झाली. पाचव्या श्रावणात अकरा दिवस झड लागली आणि बाराव्या दिवशी डोंगर आठव्यांदा खाली आला. सगुणाच्या चुलीचा एक दगड तेवढा सापडला.

सुगी सरली. म्हातारा त्या जागी उभा राहून "सातधस" म्हणाला. थांबून "आठधस" म्हणाला. मागून कोणी बोलले नाही. त्या वर्षी गावाने मुलांना त्याच्याबरोबर पाठवलेच नव्हते.

नाव हिरावले म्हणून डोंगर कोपला, असे तात्पर्य लोक सांगतात. ते चूक आहे. डोंगर कोणत्याही नावाने खाली आलाच असता. फक्त खरे नाव राहिले असते, तर तिथे माणसे नसती.

खरे तात्पर्य: भयाची खूण सांगणारे नाव मायेपोटीही गोड करू नये; नाव बदलते, भय जागचे हलत नाही.